दुग्धसंस्थेचें शीतयंत्र व ऊन पाण्याचीं साधनें: त्यांची नित्य निगा

शेतकऱ्याच्या घरीं जें जें साधन येतें, त्याच्या मागोमाग त्याची निगाहि येते. गाडीच्या आंसाला वंगण घालावें लागतें, नांगराचा फाळ बोथट झाला कीं तो लोहाराकडे न्यावा लागतो, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळणी कोणी चुकवीत नाहीं. ह्या गोष्टी कोणी पुस्तकांतून शिकलेला नाहीं. पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीनें त्या अंगवळणीं पडल्या आहेत. परंतु गेल्या कांहीं दशकांत खेड्यापाड्यांत जीं नवीं साधनें आलीं, उदाहरणार्थ दूध थंड करणारी विजेची टाकी, गच्चीवरील सौरबंब, न्हाणीघरांतील गॅसचा गीझर, त्यांच्या निगेची वहिवाट अद्याप पडलेली नाहीं. यंत्र चालत आहे तोंवर त्याच्याकडे पाहावयाचें नाहीं, आणि तें बंद पडलें म्हणजे तालुक्याच्या गांवीं कारागिराच्या शोधार्थ धांवावयाचें, असा प्रकार बहुतेक ठिकाणीं दिसतो. 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण अशाच प्रसंगासाठीं आहे.

प्रस्तुत लेखांत दुग्धसंस्थेचें शीतयंत्र आणि ऊन पाण्याचीं साधनें ह्यांचा एकत्र विचार करावयाचा आहे. दोहोंचा संबंध निकटचा आहे. दूध टिकावयाचें तर टाकी थंड हवी. टाकी निर्मळ राहावयाची तर भरपूर ऊन पाणी हवें. एक अडलें कीं दुसऱ्याचा उपयोग अर्धा होतो.

१. दूध त्वरित थंड कां करावें

सडांतून निघालेलें दूध सुमारें ३७ ते ३८ अंश सेल्सियस इतकें ऊन असतें. जंतूंच्या वाढीस ह्याहून अनुकूल स्थिति शोधूनहि मिळणार नाहीं. अशा उष्णतेंत कित्येक जंतु अर्ध्या तासांत दुप्पट होतात. वाचकांनीं स्वतः हिशेब करून पाहावा: अर्ध्या तासांत दुप्पट ह्या वेगानें सहा तासांत बारा वेळां दुप्पट होते, म्हणजे एका जंतूचे ४,०९६ होतात. दूध ४ अंशांपर्यंत उतरविलें असतां हीच वाढ अतिशय मंदावते. म्हणून धार काढल्यापासून दोन-तीन तासांच्या आंत दूध ४ अंशांवर आणावें, असा सर्वमान्य दंडक आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. थंडीनें जंतु मरत नाहींत. ते केवळ स्वस्थ बसतात, आणि कांहीं जाति तर थंडींतहि हळूहळू वाढत राहतात. तेव्हां थंडी ही स्वच्छतेची मदतनीस आहे, तिच्या ऐवजीं चालणारी वस्तु नव्हे. घाणेरड्या चरवींतील दूध उत्तम यंत्रांत ओतलें तरी तें उत्तम होत नाहीं.

आणंद येथें खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी १९४६ सालीं झाली, आणि दूधमहापूर योजनेस १९७० सालीं आरंभ झाला. त्या काळीं गांवोगांवचें दूध कॅनांत भरून दूरच्या शीतकेंद्राकडे न्यावें लागे व वाटेंतच पुष्कळसें आंबे. पुढें गांवांतच थंड टाकी बसविण्याची पद्धत रूढ झाली. ह्यामुळें दूध टिकूं लागलें हें खरें. परंतु सर्व गांवाचें दूध एका टाकींत सांठूं लागल्यामुळें त्या एका टाकीच्या बिघाडानें सर्व गांवाचें नुकसान होऊं लागलें, हेंहि तितकेंच खरें.

हें नुकसान किती, तें पाहूं. समजा, संस्थेचे ऐंशी सभासद असून रोजचें संकलन १,००० लिटर आहे आणि दर लिटरास ३५ रुपये मिळतो. एका दिवसाचें दूध नासून परत आलें तर ३५,००० रुपये बुडाले. प्रत्येक सभासदाच्या वांट्यास सरासरीनें सुमारें ४३७ रुपयांची तूट आली. म्हणजे दहा दिवसांच्या बिलांतील एक दशांश गेला. मोठ्या गोठ्याच्या धन्यास हें कदाचित् जाणवणार नाहीं. परंतु जिच्या दारीं एकच गाय आहे व त्या बिलांतूनच जिला पेंडीचें पोतें आणि घरचा किराणा आणावयाचा आहे, त्या बाईनें त्या दिवशींहि पहांटे उठून धार काढलेली असते, आणि तिच्या दुधांत कांहींहि दोष नसतो.

२. यंत्र करतें काय

शीतयंत्र थंडी उत्पन्न करतें, असा सामान्य समज आहे. वास्तविक तें दुधांतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. विहिरींतील पाणी वर उचलून पाटांत सोडावें, तसा हा प्रकार आहे. ह्या कामीं चार भाग मुख्य असतात. टाकीच्या तळाशीं असलेल्या पोकळ्यांत शीतकारी द्रव उकळून वायुरूप होतो व उकळतांना दुधांतील उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूस दाबतो, त्यामुळें तो तापतो. कंडेन्सर नांवाच्या जाळीदार नळ्यांतून जातांना तो वायु पंख्याच्या वाऱ्यानें आपली उष्णता बाहेरच्या हवेंत सोडून पुन्हां द्रव होतो. शेवटीं एका अरुंद झडपेंतून तो द्रव कमी दाबाच्या बाजूस येतो व गार होऊन पुन्हां टाकीच्या तळाशीं पोंचतो.

विहिरीचा दाखला येथेंहि लागू पडतो. पाणी जितकें खोल आणि पाट जितका उंच, तितके श्रम अधिक. त्याचप्रमाणें दुधाच्या बाजूची थंडी व कंडेन्सरची उष्णता ह्यांतील अंतर जितकें वाढेल, तितकी वीज अधिक लागेल. १,००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यासाठीं सुमारें ३५ युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. सुस्थितींतील यंत्र एका युनिट विजेंत सुमारें अडीच युनिट उष्णता उचलतें असें धरल्यास हें काम १४ युनिट विजेंत होतें. हा आंकडा आपल्या संस्थेच्या मीटरशीं ताडून पाहावा. खर्च ह्याहून पुष्कळ अधिक होत असेल तर दोष कोठें तरी आहेच, आणि तो बहुधा पुढें सांगितलेल्या ठिकाणींच सांपडतो.

३. कंडेन्सरवरील धूळ

सर्वांत स्वस्त निगा व सर्वांत महाग हयगय एकाच जागीं आहे. ती जागा म्हणजे कंडेन्सरची जाळी. गोठ्याजवळील धूळ, कडब्याची कुसळें, पेंडीची भुकटी, कोंबड्यांचीं पिसें हीं सर्व पंख्याच्या ओढीनें त्या जाळीवर येऊन बसतात. वारा आंत जाईनासा झाला कीं वायूची उष्णता बाहेर पडत नाहीं व त्याचा दाब चढतो. कंडेन्सरचें तापमान एका अंशानें वाढलें तर विजेचा खर्च साधारण दोन ते तीन टक्क्यांनीं वाढतो, असा अनुभव आहे. जाळी चोंदून दहा अंश वाढले तर वरील १४ युनिटांच्या कामास रोज तीन-चार युनिट जास्त लागतील. म्हणजे महिन्यास सुमारें १०० युनिट केवळ धुळीपायीं गेले. त्यांतहि वैशाखाच्या दुपारीं बाहेरची हवाच ४० अंशांवर असतां अशा यंत्राचा कॉम्प्रेसर अतोनात तापतो, त्याचें तेल पातळ होतें, गुंडाळीचें आवरण करपतें, आणि ऐन उन्हाळ्यांत तो जळतो.

उपाय साधा आहे. दर आठवड्यास वीज बंद करून मऊ कुंचल्यानें जाळी झाडावी. वारा ज्या दिशेनें आंत शिरतो त्याच्या उलट दिशेनें धूळ काढावी, नाहीं तर ती अधिक खोल जाते. पाण्याचा जोराचा फवारा मारूं नये. त्यानें पातळ पाकळ्या वांकून वाऱ्याची वाट बंद होते. पाकळ्या वांकल्याच असतील तर त्या हलक्या हातानें सरळ कराव्या. यंत्राभोवतीं पेंडीचीं पोतीं, रिकामे कॅन व अडगळ रचण्याची संवय फार ठिकाणीं आहे, ती मोडावी. ज्या खोलींत यंत्र असेल तेथें गरम हवेस बाहेर पडण्यास वरच्या बाजूस झरोका असावा. बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हां आंत ओढली जात असेल तर नवें यंत्र आणूनहि कांहीं साधणार नाहीं.

४. विजेचे दोष

खेड्यांतील कॉम्प्रेसर झिजून मरण्यापेक्षां विजेच्या दोषानें मरतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तीन फेजांपैकीं एक गेली असतां मोटार थांबत नाहीं. ती उरलेल्या दोहोंवर ओढत राहते व थोड्याच वेळांत जळते. म्हणून फेज गेल्याबरोबर वीज तोडणारें रक्षक उपकरण प्रत्येक यंत्रास असलेंच पाहिजे, आणि तें खरोखर काम करतें कीं नाहीं हें कारागिराकडून वर्षांतून दोनदां तपासून घ्यावें. कित्येक संस्थांत हें उपकरण 'सारखें बंद पाडतें' म्हणून तारेनें जोडून निकामी केलेलें असतें. राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्यास हांकलून देण्यासारखेंच हें आहे.

वीज जाऊन लगेच परत आली तर यंत्र तत्क्षणीं सुरूं करूं नये. आंतील दोन्ही बाजूंचा दाब समान होण्यास तीन ते पांच मिनिटें लागतात. त्यापूर्वीं सुरूं केल्यास मोटारीवर फार ताण पडतो. ही वाट पाहण्याचें काम करणारें स्वयंचलित उपकरण मिळतें, व त्याची किंमत कॉम्प्रेसरच्या मानानें अगदीं क्षुल्लक असते.

आणखी एक सूक्ष्म दोष आहे. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त झाल्यावर किंवा जनित्राच्या तारा सोडून पुन्हां जोडल्यावर फेजांचा क्रम कधीं कधीं उलटा होतो. त्यामुळें मोटार उलट फिरते. स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर उलट फिरला असतां मोठा आवाज करतो, दूध थंड करीत नाहीं, आणि तसाच चालूं ठेवल्यास कायमचा बिघडतो. अशा दुरुस्तीनंतर पहिलीं पांच मिनिटें यंत्राजवळ उभें राहून त्याचा आवाज ऐकावा.

जनित्र हें संकटकाळचें साधन असल्यामुळें त्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. दर आठवड्यास तें पंधरा-वीस मिनिटें भारासह चालवावें, बॅटरीचीं टोकें स्वच्छ ठेवावीं, आणि डिझेलच्या टाकीच्या तळाशीं सांचलेलें पाणी काढून टाकावें. वळवाच्या पहिल्या वादळांत जनित्र सुरूं होत नाहीं असें आढळणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणें होय.

५. वायूची गळती

'गॅस कमी झाला, भरून द्या' हें वाक्य कारागिरास वरचेवर ऐकावें लागतें. वस्तुतः शीतकारी वायु हा डिझेलप्रमाणें खर्च होणारा पदार्थ नव्हे. बंद नळ्यांत तोच वायु वर्षानुवर्षें फिरत असतो. तो कमी झाला ह्याचा अर्थ कोठें तरी गळती आहे. गळती न शोधतां वायु भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. वायूबरोबर थोडें तेलहि बाहेर पडत असतें, म्हणून सांध्याशीं तेलाचा ओशट डाग दिसला कीं तेथें साबणाचा फेंस लावून बुडबुडे येतात का तें पाहावें. द्रव दिसावा म्हणून नळीस कांच बसविलेली असते. यंत्र स्थिर चालत असतां त्या कांचेंत सतत बुडबुडे दिसूं लागले तर तीहि सूचना समजावी.

नळ्या उघडून दुरुस्ती केल्यावर निर्वात पंपानें आंतील हवा व ओल पूर्णपणें काढल्याखेरीज वायु भरूं देऊं नये. राहिलेली ओल अरुंद झडपेंत गोठून वाट अडविते, आणि तेलाशीं व वायूशीं मिळून आम्ल उत्पन्न करून मोटारीची गुंडाळी खाते. ओल शोषणारी गाळणीहि त्याच वेळीं बदलावी. घाईनें केलेली दुरुस्ती चार महिन्यांनीं पुन्हां करावी लागते, ती बहुधा ह्याच कारणानें.

जुन्या यंत्रांत आर-२२ हा वायु असतो. त्यानें वातावरणांतील ओझोनच्या थरास अपाय होतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारास अनुसरून त्याचा वापर टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत येत आहे. अर्थात् तो पुढें दुर्मीळच होत जाणार. ज्यांचें यंत्र जुनें आहे त्यांनीं गळतीविषयीं दुप्पट सावध राहावें, आणि एका जातीच्या वायूंत दुसऱ्या जातीचा वायु कोणासहि मिसळूं देऊं नये.

६. टाकी धुण्याची रीत

दुधाचे वाहन भरून गेलें कीं टाकी ताबडतोब धुवावी. वाळलेलें दूध काढण्यास चौपट श्रम पडतात. प्रथम ३५ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यानें खळबळून घ्यावी. प्रारंभींच कढत पाणी घातल्यास दुधांतील प्रथिनें पत्र्यास चिकटून बसतात, आणि अगदीं गार पाण्यानें स्निग्धांश थिजतो; म्हणून कोमटच घ्यावें. नंतर ६० ते ७० अंशांच्या ऊन पाण्यांत क्षारयुक्त धुण्याचें द्रव्य घालून मऊ कुंचल्यानें सर्व अंग घासावें. तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या वापरूं नये. त्याच्या ओरखड्यांत जंतूंस घर मिळतें. त्यानंतर स्वच्छ पाण्यानें धुऊन टाकी निथळूं द्यावी. ढवळणीचीं पातीं, मापाची पट्टी, झांकणाचें रबर आणि तळाची तोटी हीं सुटीं करून वेगळीं धुवावीं. नासाडीचें मूळ पुष्कळ वेळां तोटींतच असतें.

ऊन पाण्यांतील चुना व दुधांतील खनिजें मिळून पत्र्यावर पांढुरका खडबडीत थर जमतो. त्यास दुग्धपाषाण म्हणतां येईल. तो क्षारानें जात नाहीं. त्यासाठीं आठवड्यांतून एकदां दुग्धव्यवसायाकरितां बनविलेलें सौम्य आम्ल वापरावें लागतें. हा थर जंतूंचें माहेर तर आहेच, शिवाय दुधाची उष्णता ज्या तळांतून बाहेर जावयाची त्या तळावरच तो पांघरूण घालतो. क्लोरीनचें निर्जंतुक पाणी डब्यावर दिलेल्या प्रमाणांतच व टाकी वापरण्यापूर्वीं थोडाच वेळ ठेवावें. तें रात्रभर राहिलें तर पोलादासहि बारीक खड्डे पडतात. आम्ल आणि क्लोरीन हीं द्रव्यें कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांच्या संयोगानें विषारी वायु उत्पन्न होतो व बंद खोलींत तो प्राणघातक ठरतो.

दूध भरूं लागतांना ढवळणीचीं पातीं दुधांत बुडेपर्यंत थंड करण्याचें यंत्र सुरूं करूं नये. थोडें दूध तळास गोठून त्याची प्रत बिघडते. टाकीचा तापमापक खरा आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. बर्फाचा चुरा व पाणी एकत्र कालवून त्यांत हातांतला तापमापक बुडविला असतां त्यानें शून्य अंश दाखविला पाहिजे. मग त्या तापमापकाशीं टाकीचा आंकडा ताडावा. दोन अंशांच्या चुकीनें सबंध महिनाभर दूध हलक्या प्रतीचें ठरूं शकतें.

७. सौरबंब व पाण्यांतील चुना

वरील धुण्यास रोज लागणारें ऊन पाणी उन्हावर तापविलें तर सरपण व वीज दोन्ही वांचतात. महाराष्ट्रांत बहुतेक दिवस स्वच्छ ऊन असल्यामुळें सौरबंब येथें उत्तम चालतो. त्याचा मुख्य शत्रु म्हणजे विंधनविहिरीचें जड पाणी. अशा पाण्यांत चुना विरघळलेल्या स्थितींत असतो. पाणी तापलें कीं तो वेगळा होऊन नळ्यांच्या आंत खडीसारखा बसतो. समजा, पाण्याचें जडत्व लिटरामागें ४०० मिलिग्रॅम आहे व रोज २०० लिटर पाणी तापतें. त्या पाण्यांत रोज ८० ग्रॅम खनिज आलें. त्यांतील दहावा हिस्साच आंत राहिला असें धरलें तरी वर्षास जवळजवळ तीन किलो थर सांचला. ह्या थरांतून उष्णता तांब्याच्या मानानें शेंकडों पटींनीं कमी वाहते. म्हणून पाणी कोमट येऊं लागतें, मालक 'यंत्र जुनें झालें' असें समजतो, आणि अखेर नळ्या चोंदून सबंध संच टाकावा लागतो.

ह्यावर उपाय असे. दर तीन महिन्यांनीं टाकीच्या तळाची तोटी सोडून गाळ काढावा. वर्षांतून एकदां माहितगार कारागिराकडून सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्लाच्या सौम्य द्रावणानें आंतील थर विरघळवून घ्यावा. फरशी धुण्याचें तीव्र आम्ल ह्या कामीं मुळींच वापरूं नये. तें गंज न चढणाऱ्या पोलादासहि खातें. शक्य असेल तेथें छपरावरील पावसाचें पाणी गाळून सांठवावें व तेंच बंबास द्यावें. त्यांत चुना जवळजवळ नसतो. कांहीं टाक्यांत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीचा पत्रा वांचविते, म्हणून वर्षांतून एकदां काढून पाहावी आणि अर्ध्याहून अधिक झिजली असल्यास बदलावी.

कांचनळ्यांच्या बंबाविषयीं दोन सूचना. भर दुपारीं रिकाम्या व तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडल्यास कांच तडकते. पाणी भरणें तें पहांटे किंवा सूर्यास्तानंतर भरावें. नळीच्या बंद टोंकाशीं आरशासारखा रुपेरी लेप असतो. तो पांढरा पडला म्हणजे नळींतील निर्वात अवस्था गेली असें समजावें. तेवढी एकच नळी बदलली कीं काम भागतें. वरच्या बाजूस हवा जाण्यासाठीं ठेवलेली नळी कधींहि बंद करूं नये. वाफ कोंडून टाकी फुगते. कांचेवरील धूळ आठवड्यास पुसावी. साखर कारखान्याच्या आसपास गळिताच्या हंगामांत चिपाडाची काळी राख सर्वत्र पडते. तेथें ती दोन-तीन दिवसांनींच पुसलेली बरी.

८. लांकडांचा बंब व गीझर

तांब्याचा बंब अजून कित्येक घरीं आहे व त्याची निगा घरांतील वडील माणसांस ठाऊक असते. तरी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पाणी भरल्यावांचून विस्तव घालूं नये. मधल्या नळकांड्याचा डाख वितळून बंब गळूं लागतो. नळकांड्याच्या आंतील काजळी आठवड्यांतून एकदां खरवडावी व जाळीखालील राख रोज काढावी. वारा खेळता राहिला म्हणजे निम्म्या सरपणांतहि पाणी तापल्याचा अनुभव येतो.

विजेच्या गीझरची उष्णता ६० अंशांच्या आसपास ठेवावी. ह्याहून अधिक ठेवल्यास चुन्याचा थर फार वेगानें जमतो; आणि २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यांत दिवसेंदिवस सांठा राहिल्यास लिजिओनेला नांवाचे रोगजंतु वाढण्याचें भय असतें. दाब वाढल्यास पाणी सोडणारी झडप दर सहा महिन्यांनीं उचलून पाहावी. ती चुन्यानें चिकटून बसली असेल तर गीझर फुटण्याचा धोका असतो.

गॅसच्या गीझरविषयीं मात्र पैशाचा नव्हे, प्राणांचा प्रश्न आहे. बंद न्हाणीघरांत गॅस जळूं लागला म्हणजे हवेंतील प्राणवायु कमी होऊन कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्य भोंवळ येऊन पडतो व त्याच्या ध्यानींहि येत नाहीं. हा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंतच बसवावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊं लागली कीं तो वापरणें थांबवून साफ करून घ्यावा.

९. वर्षाचा क्रम

निगेची आठवण राहावी म्हणून ती सणावारांशीं जोडावी, हें उत्तम. फाल्गुनांत, उन्हाळा चढण्यापूर्वीं, कंडेन्सर पूर्ण साफ करून शीतकारी वायूची तपासणी करून घ्यावी. ज्येष्ठांत, पावसाच्या तोंडावर, विजेच्या जोडण्या, अर्थिंग व जनित्र पाहावें. आश्विनांत खंडेनवमीस आपण शस्त्रें व औतें पुसून त्यांची पूजा करतों. त्याच दिवशीं शीतयंत्राचेंहि संपूर्ण निरीक्षण करावें. हळदकुंकू लावलेल्या पण आंतून धुळीनें चोंदलेल्या यंत्राची पूजा अपुरी होय. कार्तिकांत, थंडीनें ऊन पाण्याची मागणी वाढण्याच्या आधीं, सौरबंबांतील चुना काढावा.

ह्याखेरीज टाकीशेजारीं एक वही टांगलेली असावी. तींत रोज चार नोंदी पुरेत: दूध ओतलें तेव्हांचें तापमान, तें ४ अंशांवर येण्यास लागलेला वेळ, मीटरचा आंकडा, आणि यंत्राच्या आवाजांत किंवा सांध्यांत आढळलेला फरक. एरव्हीं अडीच तासांत थंड होणारें दूध साडेतीन तास घेऊं लागलें, ही गोष्ट वहीवरून पहिल्याच आठवड्यांत कळते. वही नसेल तर ती कॉम्प्रेसर जळाल्यावर कळते. ह्या नोंदी करण्याचें काम एकाच नेमलेल्या माणसाकडे असावें, व ती वही मासिक सभेंत वाचली जावी. 'सर्वांचें काम' म्हणून सोडलेलें काम कोणाचेंच राहत नाहीं.

शेवटीं संस्थांच्या पंचांस एक विनंति. लिटरामागें अवघे पांच पैसे निगेच्या खातीं वेगळे काढले तर १,००० लिटरांच्या संस्थेपाशीं वर्षास १८,२५० रुपये जमतात. कुंचले, गाळण्या, रक्षक उपकरणें, आम्ल व कारागिराच्या ठराविक भेटी ह्यांचा मोठा भाग त्यांत भागेल. हा पैसा सभासदांच्या बिलांतून जातो, म्हणून त्याचा हिशेब त्यांच्यापुढें मांडावा आणि यंत्राची वहीहि त्यांस खुली ठेवावी. येत्या मासिक सभेंत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि सभा सुरूं होण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून एकवार कंडेन्सरची जाळी पाहून यावी.